‘कुड नॉट रिझॉल्व्ह होस्टनेम’ : सर्व्हर जिवंत आहे, पत्ता हरवलाय!

२० ऑक्टोबर २०२५, नरक चतुर्दशी. फराळ उरकून लोक मोबाइल हातात घेतात न घेतात तोच दुपारी सव्वाबाराच्या सुमारास जगभरातली अ‍ॅप्स एकामागून एक लटकायला लागली. स्नॅपचॅट उघडेना, रोब्लॉक्स आणि फोर्टनाइट चालेना, ड्युओलिंगो, कॅन्व्हा, पर्प्लेक्सिटी सगळ्यांची तीच गत. सिग्नलसारखं मेसेजिंग अ‍ॅपसुद्धा सुटलं नाही. बातम्यांमध्ये मथळा आला, ‘अ‍ॅमेझॉनचे सर्व्हर बंद पडले’.

हा मथळा अर्धाच खरा होता. अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनियामधल्या त्या डेटा सेंटर्समध्ये आग लागली नव्हती, वीज गेली नव्हती, कुणी हल्लाही केला नव्हता. मशीन चालू होत्या. हरवला होता तो एक पत्ता. अ‍ॅमेझॉनच्या डायनॅमोडीबी नावाच्या डेटाबेस सेवेचं जे होस्टनेम आहे, त्याच्यापुढे आयपी अ‍ॅड्रेसच उरला नव्हता. नाव होतं, पण नावापुढची जागा कोरी.

मी इंजिनिअरिंग आणि डिप्लोमाच्या मुलांना लिनक्स शिकवतो. त्यामुळे वर्षभर माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर एकाच प्रकारचा स्क्रीनशॉट येत असतो. काळी स्क्रीन, त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘एसएसएच : कुड नॉट रिझॉल्व्ह होस्टनेम’ आणि खाली मेसेज, ‘सर, सर्व्हर डाऊन आहे का?’ माझं म्हणणं असं की, त्या मुलांच्या स्क्रीनवरची ही एक ओळ आणि त्या दिवाळीतला जागतिक गोंधळ हे एकाच जातीचे आजार आहेत. एक नीट समजला की दुसरा आपोआप समजतो. शिवाय यात तुमच्या बँक खात्यापर्यंत जाणारा एक मुद्दाही आहे, तो पुढे येईलच.

आधी हे एसएसएच काय, ते पाहू

एसएसएच म्हणजे सिक्युअर शेल. दूरवरच्या कॉम्प्युटरवर सुरक्षितपणे लॉगिन करून त्याला कमांड देण्याची पद्धत. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरून ऐकले. त्यानंतर तिथल्याच तातु इलोनेन यांनी एसएसएच तयार केलं. आज जगातले बहुतेक सगळे लिनक्स सर्व्हर याच दारातून सांभाळले जातात.

यासाठी लॅपटॉपच हवा असं नाही. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स टाकलं, त्यात ओपन-एसएसएच पॅकेज घेतलं की झालं. एसटीत बसल्या बसल्या दुसऱ्या खंडातला सर्व्हर रीस्टार्ट करता येतो. कितीतरी मुलं क्लाउडवरचा फुकटातला छोटा सर्व्हर घेऊन त्यावर कॉलेजचा प्रोजेक्ट चढवतात, टेलिग्रामचा बॉट चालवतात, तेही फोनवरून.

कमांड सोपी असते. एसएसएच लिहायचं, मग युजरचं नाव, मग अ‍ॅट-द-रेटचं चिन्ह आणि मग होस्टनेम, म्हणजे सर्व्हरचं नाव. (कमांड टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची, इथे मी त्या उच्चाराप्रमाणे लिहितोय.) एंटर दाबलं की फोन लगेच सर्व्हरकडे जात नाही. तो आधी विचारतो, ‘या नावाचा पत्ता काय?’ होस्टनेमचा एरर येतो तो इथेच, पहिल्या पायरीवर. सर्व्हरच्या दारापर्यंत तुम्ही अजून पोचलेलेच नसता. म्हणून ‘सर्व्हर डाऊन आहे का’ या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं असतं : ‘माहीत नाही, कारण तू अजून तिथे गेलाच नाहीस.’

पत्ता सांगणारं खातं : डीएनएस

कॉम्प्युटर एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. आपल्याला आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून नावं. नावावरून आकडा काढून देणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. इंटरनेटच्या बालपणी ही सगळी नावं एकाच फाइलमध्ये असायची. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती फाइल सांभाळली जायची आणि बाकीचे कॉम्प्युटर तिची कॉपी उतरवून घ्यायचे. कॉम्प्युटर वाढले तशी ही पद्धत कोलमडायला लागली. मग १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. एकच मोठी वही ठेवण्याऐवजी कामाची वाटणी केली.

ही वाटणी आपल्याकडच्या तलाठी-तहसील-जिल्हा रचनेसारखी आहे, असं समजा. तुमचा फोन आधी रिझॉल्व्हरला विचारतो. हा रिझॉल्व्हर बहुतेक वेळा तुमच्या सिमकार्ड कंपनीचा किंवा ब्रॉडबँडवाल्याचा असतो. त्याला माहीत नसेल तर तो सगळ्यात वरच्या रूट सर्व्हरकडे जातो. रूट म्हणतो, ‘डॉट इन’चं काम अमक्याकडे. तो म्हणतो, या डोमेनचं दप्तर तमक्याकडे. शेवटी ज्याच्याकडे खरी नोंद आहे तो आकडा देतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. मिळालेलं उत्तर काही काळ जपूनही ठेवलं जातं, म्हणजे पुन्हा पुन्हा सगळ्यांचे दरवाजे ठोठवायला नकोत.

आता यातला कुठलाही एक टप्पा बिघडला तरी स्क्रीनवर दिसणारी ओळ जवळपास सारखीच असते. म्हणूनच ती ओळ शेवटपर्यंत वाचायची सवय लावून घ्या.

एररचं शेपूट वाचा

‘कुड नॉट रिझॉल्व्ह होस्टनेम’ एवढं वाचून मुलं थांबतात. खरी माहिती त्यानंतरच्या शब्दांत असते.

लिनक्सवर शेवटी ‘नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन’ असेल, तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा : डीएनएसशी बोलणं झालं, पण त्याने सांगितलं की असं नावच नाही. म्हणजे चूक नावात आहे. विंडोजवर हेच ‘नो सच होस्ट इज नोन’ असं दिसतं.

शेवटी ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन’ असेल, तर गोष्ट वेगळी. तुमचं नाव बरोबर असेलही, पण पत्ता विचारायला ज्याच्याकडे गेलात त्यानेच दार उघडलं नाही. म्हणजे चूक नेटवर्कमध्ये किंवा डीएनएसच्या सेटिंगमध्ये आहे. इथे स्पेलिंग दहा वेळा तपासून काही उपयोग नाही.

अँड्रॉइडवरचं टर्मक्स मात्र बऱ्याचदा दोन्ही वेळा ‘नो अ‍ॅड्रेस असोसिएटेड विथ होस्टनेम’ एवढंच सांगतं. तिथे आपल्यालाच शोध घ्यावा लागतो.

आणि ‘कनेक्शन टाइम्ड आऊट’, ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ किंवा ‘परमिशन डिनाइड’ आलं, तर ते होस्टनेमचं प्रकरणच नाही. पत्ता मिळाला, तुम्ही गेलात, पुढे काहीतरी अडलं. टाइम्ड आऊट म्हणजे फायरवॉल किंवा बंद मशीन, रिफ्यूज्ड म्हणजे मशीन आहे पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही, परमिशन डिनाइड म्हणजे युजर, पासवर्ड किंवा किल्ली चुकली. या तिन्ही वेळा डीएनएस बदलत बसू नका.

फोनवर हा एरर जास्त का येतो?

आलेल्या स्क्रीनशॉटवरून माझा असा अंदाज झालाय की, निम्म्याहून जास्त वेळा दोषी सर्व्हर नसतो, कीबोर्ड असतो. फोनचा कीबोर्ड गप्पा मारण्यासाठी बनलाय, कमांड देण्यासाठी नाही.

एक, छोटी रेघ. वेगळा पोर्ट द्यायचा असेल तर कमांडमध्ये रेघ आणि ‘पी’ लिहावं लागतं. ही कमांड व्हॉट्सअ‍ॅप, वर्ड किंवा पीडीएफमधून कॉपी केली की ती साधी आखूड रेघ कधीकधी ‘सुंदर’ लांब रेघ झालेली असते. आपल्याला फरक दिसत नाही, पण एसएसएचला ती रेघ ओळखू येत नाही आणि ते त्या रेघेसकट ‘पी’लाच सर्व्हरचं नाव समजतं! एररमध्ये होस्टनेमच्या जागी उलट्या तिरक्या रेघांसोबत ३४२, २००, २२३ असे आकडे दिसले तर डोळे झाकून समजा, हीच लांब रेघ. ती पुसून हाताने टाइप करा.

दोन, न मागता आलेली स्पेस. काही कीबोर्ड डॉटनंतर आपणहून जागा सोडतात. मग नावाचे दोन तुकडे होतात आणि पहिल्याच तुकड्याचा पत्ता शोधला जातो.

तीन, ब्राउझरमधून उचललेलं नाव. पुढे ‘एचटीटीपीएस’ आणि दोन तिरक्या रेघा, मागे आणखी एक रेघ. एसएसएचला फक्त मधलं नाव हवं असतं.

चार, कोलन. वेबसाइटच्या सवयीने मुलं नावापुढे कोलन टाकून पोर्ट नंबर लिहितात. साध्या एसएसएच कमांडमध्ये तो कोलन आणि नंबर नावाचाच भाग मानला जातो आणि तसं नाव जगात कुठेच नसतं. पोर्ट द्यायचा तो वेगळा, रेघ-पी लावून.

पाच, दुसऱ्याचं टोपणनाव. सीनिअरच्या नोट्समध्ये लिहिलेलं असतं, ‘एसएसएच लॅब’. त्याच्या लॅपटॉपवर ते चालतं, तुमच्या फोनवर नाही. कारण त्याने होम फोल्डरमधल्या ‘डॉट एसएसएच’ या लपवलेल्या फोल्डरात कॉन्फिग नावाची फाइल करून ‘लॅब म्हणजे अमुक सर्व्हर’ असं लिहून ठेवलेलं असतं. ‘लॅब’ हे नाव त्याच्या घरातलं आहे. घरी एखाद्याला ‘बंड्या’ म्हणतात म्हणून पोस्टमन बंड्याला पत्र पोचवत नाही, तसंच हे. त्याच्याकडून त्या फाइलमधली होस्टनेमची ओळ मागून घ्या.

सहा, ‘डॉट लोकल’ची नावं. रास्पबेरी पाय घेतलेल्यांना हे भेटतंच. अशी नावं जगाच्या डीएनएसमध्ये नसतात, ती फक्त त्याच वायफायवर चालतात. पाय घरच्या वायफायवर आणि तुम्ही मोबाइल डेटावर असाल तर नाव सापडणार नाही. कॉलेजच्या वायफायवर तर बऱ्याचदा एक डिव्हाइस दुसऱ्याला पाहू शकत नाही, अशीच मांडणी केलेली असते. ऑफिसच्या किंवा संस्थेच्या आतल्या सर्व्हरचंही तसंच : त्यांचं व्हीपीएन चालू केल्याशिवाय ती नावं दिसत नाहीत.

प्रायव्हेट डीएनएस : जाहिराती गेल्या, नेटही गेलं

ही एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी, कारण ती फक्त फोनवाल्यांची आहे. २०१८ मध्ये अँड्रॉइड ९ आलं, त्यात नेटवर्क सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ हा पर्याय आला. जाहिराती बंद करायला बरेच जण तिथे एखाद्या सेवेचं नाव टाकतात आणि विसरून जातात. सेटिंग चांगलं आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण एकदा तिथे विशिष्ट नाव टाकलं की फोन हट्टाला पेटतो. ती सेवा मिळाली नाही तर तो दुसरीकडे विचारत नाही. ही वाहतूक ८५३ नंबरच्या पोर्टवरून जाते. कॉलेज किंवा हॉस्टेलच्या वायफायने ते पोर्ट अडवलं असेल, किंवा ती सेवाच आजारी असेल, तर सगळ्याच नावांचे पत्ते मिळणं थांबतं. एसएसएच तर जाऊ द्या, साधा ब्राउझरही चालत नाही.

आणि सेवा आजारी पडते बरं का. क्लाउडफ्लेअरची १.१.१.१ ही जगप्रसिद्ध डीएनएस सेवा १४ जुलै २०२५ ला, म्हणजे आपल्याकडे १५ जुलैच्या पहाटे, ६२ मिनिटं बंद होती. कारण काय, तर त्यांच्याच कॉन्फिगरेशनमधली चूक. ज्यांनी फोनमध्ये फक्त तीच सेवा घालून ठेवली होती, त्यांच्यासाठी तासभर इंटरनेट असून नसल्यासारखं होतं. अशा वेळी प्रायव्हेट डीएनएस ‘ऑटोमॅटिक’वर न्यायचं. एवढंच.

शोध घ्यायचा क्रम

गोंधळ उडाला की लोक एकदम दहा गोष्टी बदलतात आणि मग नक्की कशाने दुरुस्त झालं हे कळत नाही. मी मुलांना हा क्रम देतो.

पहिलं, एररमध्ये दिसणारं होस्टनेम अक्षर न् अक्षर वाचा. तुम्ही जे टाइप केलं असं वाटतं ते नव्हे, एररमध्ये जे दिसतंय ते.

दुसरं, ब्राउझरमध्ये एखादी नेहमीची साइट उघडा. तीही उघडत नसेल तर सर्व्हरचा विषयच सोडा, आधी नेट दुरुस्त करा.

तिसरं, वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघा, किंवा उलट. एकावर चाललं आणि दुसऱ्यावर नाही, तर अडचण त्या नेटवर्कच्या डीएनएसची. प्रायव्हेट डीएनएस आणि व्हीपीएन इथेच तपासायचे.

चौथं, ‘एनएसलुकअप’ ही कमांड नावासोबत चालवा. नंतर तीच कमांड शेवटी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ जोडून पुन्हा चालवा, म्हणजे वेगळ्या डीएनएसला विचारलं जाईल. तुमचा डीएनएस ‘नाही’ म्हणतो आणि हा पत्ता देतो, तर दोष तुमच्याकडच्या डीएनएसचा. सगळेच ‘नाही’ म्हणतात, तर नाव चुकलंय, डोमेनची मुदत संपली आहे किंवा मालकाने नोंदच काढली आहे.

पाचवं, सर्व्हरचा आयपी अ‍ॅड्रेस माहीत असेल तर नावाऐवजी थेट तोच टाका. आत गेलात तर सिद्ध झालं : सर्व्हर ठणठणीत आहे, हरवलाय तो पत्ता.

सहावं, नवीन डोमेन घेऊन नुकतीच नोंद केली असेल तर थोडं थांबा. ‘नाही’ हे उत्तरसुद्धा काही काळ जपून ठेवलं जातं. नोंद करायच्या आधीच तुम्ही उतावीळपणे ते नाव शोधलं असेल, तर नोंद झाल्यावरही थोडा वेळ तेच जुनं ‘नाही’ मिळत राहतं.

आत गेल्यावर कधीकधी आणखी एक भाऊबंद भेटतो : ‘सुडो : अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट’. इथे सर्व्हरला स्वतःचंच नाव सापडत नाही. सर्व्हरचं नाव बदललं, पण ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या ‘होस्ट्स’ फाइलमध्ये जुनंच राहिलं, की असं होतं. त्या फाइलमध्ये नवं नाव लिहिलं की काम झालं.

अ‍ॅमेझॉनच्या सर्व्हरचं नेमकं काय झालं?

आता पुन्हा त्या मोठ्या घटनेकडे. अ‍ॅमेझॉनने नंतर जो खुलासा प्रसिद्ध केला तो वाचण्यासारखा आहे. डायनॅमोडीबीच्या नावापुढचे पत्ते माणसं बदलत नाहीत, सॉफ्टवेअर बदलतं. एक प्रोग्राम ‘कुठल्या पत्त्यांवर किती गर्दी पाठवायची’ याचा आराखडा करतो, दुसरे प्रोग्राम तो डीएनएसमध्ये उतरवतात. हे उतरवणारे मुद्दाम एकापेक्षा जास्त ठेवलेत, एक पडला तर दुसरा असावा म्हणून. त्या दिवशी त्यातला एक फार रेंगाळला. तोवर दुसऱ्याने नवा आराखडा लावून टाकला. मग रेंगाळलेल्याने येऊन आपला जुना आराखडा त्यावर चढवला. तेवढ्यात साफसफाई करणाऱ्या भागाला दिसलं की हा आराखडा तर फार जुना आहे, आणि त्याने तो पुसून टाकला. परिणाम : नावापुढे एकही पत्ता नाही. व्यवस्था अशी अडकली की तिला स्वतःला सावरता येईना, माणसांनाच हात घालावा लागला.

डीएनएसची नोंद आपल्या वेळेनुसार दुपारी तीनच्या सुमारास, म्हणजे अडीच तासांनी परत आली. पण तोपर्यंत त्या डेटाबेसवर टेकलेल्या बाकीच्या सेवांची गाडी रुळावरून घसरली होती. नवीन सर्व्हर सुरू करणं वगैरे पूर्ण पूर्वपदावर यायला आपल्याकडची मध्यरात्र उलटली. आणि गंमत बघा, आधीपासून चालू असलेले सर्व्हर बहुतांशी चालूच होते.

याहून बोलका प्रसंग ४ ऑक्टोबर २०२१ चा. रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप एकदम गेलं आणि जवळपास सहा तास परत आलं नाही. देखभालीच्या कामात दिलेल्या एका कमांडने फेसबुकच्या डेटा सेंटर्सना जोडणारं जाळंच तुटलं. अशी कमांड अडवायला असलेल्या तपासणी यंत्रणेतही दोष होता. डेटा सेंटरशी संपर्क तुटलाय हे बघून त्यांच्या डीएनएस सर्व्हरांनी ‘आमच्याकडे यायचा रस्ता’ ही जाहीर घोषणाच मागे घेतली. डीएनएस सर्व्हर चालू होते, पण तिथे जायची वाट जगाला ठाऊक नव्हती. आणि इंजिनिअरांना जी आतली साधनं वापरून हे दुरुस्त करायचं, तीही त्याच डीएनएसवर अवलंबून! शेवटी माणसं प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावी लागली. कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून कुलूप लावल्यासारखं झालं.

याचा अर्थ प्रत्येक मोठ्या गोंधळामागे डीएनएसच असतं असा नाही. १८ नोव्हेंबर २०२५ ला क्लाउडफ्लेअर कोलमडलं आणि चॅटजीपीटी, एक्स अडखळले, तेव्हा कारण होतं बॉट ओळखणाऱ्या व्यवस्थेची एक फाइल प्रमाणाबाहेर फुगणं. म्हणून समाजमाध्यमांवर कुणी लगेच ‘डीएनएस’ म्हणून मोकळं झालं, तरी आपण एररचं शेपूट वाचायचं.

या तिन्ही घटनांतून मला जे दिसतं ते असं. इंटरनेट विखुरलेलं आहे, कुणा एकाचं नाही, असं आपण शिकतो. डीएनएसची मूळ रचना खरंच तशी आहे. पण आपण सगळ्यांनी आपली दुकानं तीन-चार कंपन्यांच्याच आवारात मांडली आहेत. त्यामुळे व्हर्जिनियात एक नोंद कोरी झाली की जगभरातल्या मुलांचे अ‍ॅप बंद पडतात. यावर तुमच्या-माझ्या हातात फार नाही. पण आपल्या छोट्या सर्व्हरपुरतं एक करता येतं : त्याचा आयपी अ‍ॅड्रेस वहीत लिहून ठेवायचा, क्लाउडवाल्याच्या वेबसाइटवरून थेट स्क्रीन दाखवणारं कन्सोल कसं उघडतात ते आधीच बघून ठेवायचं आणि प्रोजेक्टची एक कॉपी दुसरीकडे ठेवायची.

पत्ता मिळाला, पण माणूस तोच आहे का?

आता सगळ्यात महत्त्वाचं. नावाचा पत्ता न मिळणं हा त्रास आहे. पण नावाचा चुकीचा पत्ता मिळणं हा धोका आहे.

म्हणून एसएसएच आणखी एक गोष्ट तपासतं. प्रत्येक सर्व्हरची स्वतःची ओळख-किल्ली असते. पहिल्यांदा गेलात की फोन तिचा ठसा दाखवून विचारतो, ‘ओळखता का याला?’ आपण न वाचता ‘येस’ लिहितो. पुढच्या वेळी किल्ली वेगळी दिसली की मोठ्ठी इशारत येते, ‘रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड’. ती आली की इंटरनेटवरचे कित्येक व्हिडिओ सांगतात की ही तपासणीच बंद करून टाका. कृपा करून असं करू नका. दाराला कुलूप लागत नाही म्हणून दारच काढून ठेवण्यातला हा प्रकार आहे.

इशारत बहुतेक वेळा निरुपद्रवी असते, हे खरं. तुम्ही सर्व्हर नव्याने इन्स्टॉल केला असेल. किंवा क्लाउडवरचा सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला असेल. अशा वेळी कायमचा आयपी घेतलेला नसेल तर सर्व्हरला नवा पत्ता मिळतो आणि जुना पत्ता दुसऱ्या ग्राहकाला जाऊ शकतो. तुम्ही जुन्याच पत्त्यावर गेलात तर समोर अनोळखी माणसाचं मशीन असतं. इशारत तेच सांगत असते! ती दाबून पासवर्ड टाइप केलात तर तो कुणाकडे जाईल?

मार्च २०२३ मध्ये गिटहबसारख्या मोठ्या ठिकाणीही हे घडलं. त्यांची एक आरएसए ओळख-किल्ली थोड्या वेळासाठी सार्वजनिक ठिकाणी उघडी पडली. खबरदारी म्हणून २४ मार्चला त्यांनी ती बदलली. ती किल्ली वापरणाऱ्या डेव्हलपरांना ही इशारत दिसली. योग्य मार्ग काय होता? गिटहबने आपल्या साइटवर नव्या किल्लीचा ठसा जाहीर केला होता, तो जुळवून पाहायचा. मग ‘एसएसएच-कीजेन’ कमांडला रेघ आणि मोठ्या लिपीतला ‘आर’ जोडून त्या होस्टनेमची जुनी नोंद काढायची आणि नवी घ्यायची. दोन मिनिटांचं काम. तुमच्या स्वतःच्या सर्व्हरसाठीही हेच : ठसा क्लाउडच्या कन्सोलवरून पडताळायचा, मगच ‘येस’.

हे फक्त सर्व्हरवाल्यांचं नाही. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या नेटबँकिंगच्या साइट ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणाऱ्या नावावर नेण्याचा आदेश दिला, तो याच कारणासाठी. ही नावं कुणालाही विकत मिळत नाहीत, हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था ती फक्त बँकांना देते. म्हणजे आता होस्टनेम उजवीकडून डावीकडे वाचायला शिकलात की बनावट साइट पकडता येते. पहिल्या एका तिरक्या रेघेच्या आधी, नावाच्या अगदी शेवटी ‘डॉट बँक डॉट इन’ असायला हवं. बँकेचं नाव सुरुवातीला, ‘बँक’ हा शब्द मध्ये कुठेतरी आणि शेवटी भलतंच काही असेल, तर ती लिंक तुमच्या काकांना आली असो की मावशीला, ती उघडायची नाही हे त्यांना तुम्हीच सांगायचं. घरातल्या मोठ्यांना होस्टनेम म्हणजे काय ते माहीत नसतं, तुम्हाला आता माहीत आहे.

एसएसएचच्या त्या एका ओळीतून एवढं शिकता येतं : नाव कुठून सुरू होतं, कुठे संपतं, त्याचा पत्ता कोण सांगतो आणि सांगणाऱ्यावर विश्वास किती ठेवायचा. म्हणून पुढच्या वेळी काळ्या स्क्रीनवर ती ओळ आली की सर्व्हर पुन्हा इन्स्टॉल करायला धावू नका, टर्मक्स उडवून परत टाकू नका. आधी ओळ शेवटपर्यंत वाचा, एररमधलं नाव बघा आणि नेटवर्क बदलून पाहा. एवढ्याने नाही सुटलं तर मला स्क्रीनशॉट जरूर पाठवा. फक्त तो पूर्ण पाठवा, शेपूट कापू नका.